अमजदमामूंचं स्की डिपार्टमेंट

आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाला घरच्यांनी तब्येत विचारायची असते, परत कधी जाणार ते विचारायचं असतं, आणि बॅग उघडायची वाट बघायची असते. तिथे तू नेमकं काम काय करतोस, हे विचारायचं नसतं. पनवेलच्या मोहल्ल्यात हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडल्याचं कुणाला आठवतही नाही. माणूस 'कंपनीत' असतो, एवढं सगळ्यांना पुरतं. कंपनीत तो खुर्चीवर बसतो की खुर्च्या पुसतो, ही त्याच्या आणि अल्लाच्या मधली गोष्ट.

अमजदमामूंनी हा नियम आपणहून मोडला, आणि तोही खोटं बोलून. न विचारता खोटं बोलणं ही तशी उधळपट्टीच म्हणायची.

झालं असं, की सतरा वर्षं मामू दुबईत एका लाँड्रीत होते आणि पनवेलीत कंपनीत होते. मग तिथल्या एका मॉलमध्ये थंड हवा कोंडून बर्फाचा डोंगर उभा केला गेला, लोक पायाला लांब पट्ट्या बांधून त्यावरून घसरू लागले, आणि लाँड्रीतली काही माणसं तिकडे घेतली गेली. त्यांत मामू. त्या वर्षी सुट्टीवर आले तेव्हा थोरल्या बहिणीच्या, हव्वाबीच्या घरात सगळे जमले होते. वाळवंटात बर्फ ही बातमी तोवर पनवेलीत पोचली होती. मामूंचा तोल गेला. म्हणाले, "मी तिथेच असतो. स्की डिपार्टमेंटला."

यात तसं खोटं काही नव्हतं. ज्या खोलीत ते असत, तिच्या दारावर खरंच तशी पाटी होती. घसरून आलेल्या लोकांचे ओले बूट आत यायचे. मामूंनी ते उलटे करून गरम हवेच्या नळ्यांवर लावायचे, सुकले की आत वास घालवायची पावडर शिंपडायची, आणि नंबरवार मांडून ठेवायचे. दिवसाला चारशे जोड. दाराला एक गोल काच होती, तिच्यातून डोंगराचा पायथा आणि घसरून खाली आलेले लोक दिसायचे. वर काय चालायचं ते मामूंना पाच वर्षांत कळलं नाही. फक्त एकदा, ईदच्या दिवशी, सुपरवायझर खुशीत होता. त्याने मामूंना निळं जाकीट घातलं, हातात दोन लाल स्की उभ्या करून दिल्या आणि फोटो काढला. मामूंनी त्या धरल्या होत्या, म्हणजे पडू दिल्या नव्हत्या. त्यांचा स्कीचा अनुभव एवढा.

तो फोटो हव्वाबीच्या बाहेरच्या खोलीत लागला. आणि त्या फोटोखाली बसून अभ्यास करता करता हव्वाबीच्या मुलीला, रिदाला, बर्फाचं वेड लागलं.

हे असं काही होईल, हे मामूंच्या हिशेबात कुठेच नव्हतं. माणूस थाप मारतो ती पाहुण्यांसाठी. तिच्यावर कुणी आपलं आयुष्य बेतेल, असं कुणाला वाटतं?

*

दोन हजार अकराच्या डिसेंबरात, एका रविवारी दुपारी, रिदा प्लास्टिकच्या फाइलमध्ये तीन कागद घेऊन मामूंकडे आली. मामू तोवर दुबई कायमची सोडून आले होते आणि बहिणीच्याच माडीवर राहत होते. रिदा चोवीस वर्षांची. खांदा कॉलनीतल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. तिचा हात इतका हलका, की म्हातारी माणसं 'ती बारीक पोरगी आहे का' विचारून मगच बाही वर करायची. पगारातून साठवून तिने गुलमर्गला स्कीचे दोन कोर्स केले होते. तिसरा जानेवारीत होता. यात तयार केलेल्या गुळगुळीत उतारावरून नाही, तर जंगलात, झाडांमधून, ताज्या पडलेल्या बर्फातून उतरायचं. शेवटी परीक्षा. पास झाली तर पुढच्या हंगामापासून तिथेच मुलींना शिकवायचं काम. नापास झाली तर रोह्याचा मुलगा.

रोह्याचा मुलगा वाईट नव्हता. फरशीचं दुकान होतं त्याचं. पण हव्वाबीने पोरीला तोंडावर सांगितलं होतं, "हे शेवटचं. पास झालीस तर तुझं ऐकीन. नाहीतर माझं ऐकायचं, आणि फरशीवर घसरायचं तेवढं घसर."

"मामू," रिदा म्हणाली, "स्की घ्यायच्या आहेत. स्वतःच्या. तिथे भाड्याने मिळतात त्यांचा काही भरवसा नसतो. जिब्रान महिनाअखेर दुबईहून सुट्टीवर येतोय, तो घेऊन येणार. तिकडे सेल चालू आहे. तीन प्रकार निवडलेत. तुम्ही ठरवा."

"मी?"

"मग कोण, तुमचे दोस्त जगनकाका?"

"तुझ्या त्या गुलमर्गच्या मॅडम आहेत ना? शबनम मॅडम?"

"त्यांना फोन केला होता. मी सांगितलं, माझे मामू दुबईला याच लाइनला होते, पाच वर्षं. त्या म्हणाल्या, मग मला कशाला विचारतेस, त्यांनाच विचार."

पनवेलीतली थाप काश्मीरपर्यंत गेली होती, आणि जाताना मदतीचं एकमेव दार बंद करून गेली होती.

रिदाने कागद पसरले. तिन्ही बायकांसाठीच्या स्की, कुठल्याही डोंगरावर चालतील अशा म्हणून विकल्या जाणाऱ्या. प्रत्येकीखाली तीन आकडे: पुढची रुंदी, मधली रुंदी, मागची रुंदी. पहिली लाल, मधे अडुसष्ट मिलिमीटर. दुसरी करडी, चौऱ्याऐंशी. तिसरी हिरवी, अठ्ठ्याण्णव, आणि तिचं टोक होडीच्या नाळेसारखं लांबून वर उचललेलं.

मामूंनी हे आकडे आयुष्यात पहिल्यांदा वाचले. बुटांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते, पण ते कुणी विचारत नव्हतं. त्यांचं बोट मात्र आपोआप लाल स्कीवर गेलं. ईदच्या दिवशी धरली होती ती अशीच होती. ओळखीचं माणूस दिसल्यासारखं त्यांना बरं वाटलं, आणि तेवढ्या आनंदात ते बोलून गेले, "ही."

"ही? पण ही किती अरुंद आहे," रिदा म्हणाली. "मला खरं तर ही हिरवी बरी वाटत होती. इथे लिहिलंय, भुसभुशीत बर्फात वर तरंगते, टोक उचललेलं असल्यामुळे आत घुसत नाही."

या ठिकाणी मामूंना 'बघू बरं' एवढं म्हणून कागद पुढे ओढता आला असता. पण 'ही' असं तोंडातून गेलेलं होतं. भाचीसमोर गेलेला शब्द परत घेणं म्हणजे पंक्तीत वाढलेलं ताट उचलण्यासारखं.

"लिहिणारे विकायला बसलेत," ते म्हणाले. "मला सांग, जायचं कुठून आहे?"

"झाडांमधून."

"दोन झाडांमधे जागा किती?"

"कधी कधी एवढीशीच."

"मग! आपल्या मोहल्ल्याच्या गल्लीत तू रिक्षा घालशील की कळंबोलीचा ट्रक?"

रिदाचे डोळे मोठे झाले. "हां!" ती म्हणाली. "हे माझ्या डोक्यातच नाही आलं."

मामूंच्याही डोक्यात ते आत्ताच आलं होतं. पण दाखला इतका फक्कड जमला होता, की आपल्याला खरंच काही कळतं की काय, अशी शंका त्यांना चाटून गेली. मग त्यांना थांबवेना. लवचीकपणावर ते दोन वाक्यं बोलले. 'ग्रिप'वर एक. करड्या स्कीला त्यांनी "ना इकडची ना तिकडची" म्हणून निकालात काढलं, तिच्याकडे न बघताच.

रिदा वहीत लिहून घेत होती. मामूंनी वाकून पाहिलं. सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'गल्ली, म्हणून रिक्षा.' खाली दोन रेघा.

त्या दोन रेघा बघून मामूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोरगी लॅबमध्ये रिपोर्टावर अशाच रेघा मारत असेल, जिथे आकडा पक्का असतो तिथे. ते म्हणाले, "तरी एकदा जिब्रानला दुकानात विचारायला सांग."

"तो काय सांगणार तुमच्यापुढे?" रिदा म्हणाली, आणि निघून गेली.

*

जिब्रान हा गल्लीतल्याच घरचा मुलगा, तिशीचा. तो दुबईला 'स्पोर्ट्‌सच्या शोरूमला' होता, असं त्याची आई सांगायची. खरं तर तो त्या मॉलमध्ये लोकांनी इकडेतिकडे सोडलेल्या ट्रॉल्या गोळा करायचा आणि पन्नास-पन्नासची रांग करून ढकलत न्यायचा. शोरूम वाटेत लागायची. मामूंना हे माहीत होतं, आणि मामूंचे बूट जिब्रानला माहीत होते. दुबईत दोघे एकमेकांना ओळखत, आणि पनवेलीत एकमेकांचं काम विसरत. दोघांनीही हा करार इतकी वर्षं पाळला होता, आणि ठरवला कधीच नव्हता.

डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाल्यावर, जिब्रान खांद्यावर लांबलचक खोकं घेऊन हव्वाबीच्या घरी आला. मागे अर्धी गल्ली.

"एअरपोर्टवर विचारलं, काय आहे," तो सांगत होता. "मी म्हटलं, स्की. साहेब म्हणतो, मुंबईत? मी म्हटलं, पनवेलला. मग त्याने पुढे काही विचारलंच नाही."

जगनशेठही येऊन बसले होते. जगनशेठ मामूंचे शाळेतले दोस्त. त्यांच्या घराण्याची खाडीकाठी मिठागरं होती. मिठागरं गेली, त्यांच्या जागी प्लॉट आले, प्लॉटांवर इमारती आल्या आणि जगनच्या नावापुढे शेठ आला. परदेशी वस्तूंवर त्यांचा फार जीव. कुणाकडे खोकं आलं की उघडताना ते हजर.

लाल स्की बाहेर निघाल्या. चकचकीत, तलवारीसारख्या. हव्वाबीने दोन्हींवर हात फिरवून 'माशाअल्ला' म्हटलं. रिदाने एक पायाशी उभी केली. हनुवटीच्या जरा वर आली. बायकांनी ती हातात घेऊन वजन पाहिलं. जगनशेठनी चष्मा लावला, स्की आडवी धरली आणि मधल्या बारीक जागेवर अंगठा ठेवला. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना फारसं काही उरलं नाही.

"रिदा," ते म्हणाले, "त्यो बर्फ कसा असतो ग? दगडासारका की भुसभुशीत?"

"ताजा पडलेला अगदी पिठासारखा, काका. पायांनी चालायला गेलं तर माणूस मांडीपर्यंत आत जातो."

"मंग ही रुतंल ना."

"मना काय तुमचा बर्फ म्हाईत नाय," जगनशेठ म्हणाले. "पन आमी मिठागरावरची मानसं. चिकलात उतरायचं झालं तं माझा बाप आदी फली टाकायचा. रुंद. येकदा मी शाना, बारीक फली टाकली. फलीसकट कमरेपत्तुर आत. चौगांनी वर काडला मना. फली अजून तितंच हाय, वर बिल्डिंग झाली."

सगळे हसले, आणि हसून झाल्यावर सगळ्यांनी मामूंकडे पाहिलं. रिदानेही पाहिलं. तिच्या बघण्यात शंका नव्हती, हेच वाईट होतं. ती फक्त उत्तराची वाट बघत होती.

जगनशेठचा बाप, त्याची फळी, चिखल, रुंदी: मामूंना एका क्षणात सगळं समजलं. पाच वर्षं त्या गोल काचेतून बघून जे कळलं नव्हतं, ते मिठागरातल्या चिखलाने दोन वाक्यांत शिकवलं. रिक्षा आणि ट्रक दोघांनाही खाली रस्ता लागतो, आणि तिथे रस्ताच नव्हता.

आणि हे समजल्यावर मामू काय म्हणाले? मामू म्हणाले, "जगन, ते मीठ. हा बर्फ."

खोलीत हशा पिकला. कुणीतरी जगनशेठच्या पाठीवर थाप मारली. जगनशेठही दिलखुलास हसले. "आरं बाबा, तू फारेनचा मानूस. तुला जास्त म्हाईत," म्हणाले, आणि शिरखुर्म्याची वाटी पुढे केली.

त्यात थोडा जरी टोमणा असता तरी मामूंना बरं वाटलं असतं.

*

जिब्रान निघाला तसे मामूही त्याच्यामागे निघाले. गल्लीच्या तोंडाशी, बंद पिठाच्या गिरणीपाशी, त्यांनी त्याची बाही धरली.

"तू शोरूममध्ये कुणाला विचारलंस का रे?"

जिब्रान इकडेतिकडे बघत म्हणाला, "विचारलं."

"मग?"

"तिथला सेल्समन फिलिपिनो आहे, माझ्या ओळखीचा. त्याने विचारलं, बाई घसरणार कुठे? मी म्हटलं, जंगलात, ताज्या बर्फात. तो म्हणाला, मग ही नको, ही कडक बर्फावरची. रुंदातली घे. हिरवीच काढत होता तो."

"आणि तू लाल आणलीस?"

"तुम्ही सांगितलं होतं ना मामू, लाल."

"अरे गधड्या, तुला माहीत नाही मी तिथे काय करायचो?"

"माहीत आहे म्हणून तर!" जिब्रान कळवळून म्हणाला. "मी हिरवी आणली असती तर रिदाने विचारलं असतं, मामूंनी लाल सांगितली आणि तू हिरवी का आणलीस? मी काय सांगणार होतो? मामूंपेक्षा त्या फिलिपिन्याला जास्त कळतं? मग त्यांना कसं कळत नाही, पाच वर्षं डिपार्टमेंटला होते ना? एकेक टाका उसवत जातो मामू. तुमची इज्जत मध्ये होती."

पोराने त्यांची लाज राखली होती. पोरीचे पाय मोडायची व्यवस्था करून.

"परत नाही होणार?"

"सेलचा माल. आणि मी जाणार फेब्रुवारीत. ती निघणार पाच तारखेला." जिब्रानने मान खाली घातली. "मला वाटलं, पाच वर्षं होतात तिथे. कानावर काहीतरी पडलं असेल."

"मशीनचा आवाज फार असायचा," मामू म्हणाले.

ते परतले तेव्हा गर्दी पांगली होती. हव्वाबी स्वयंपाकघरात पाटावर बसून बोंबील साफ करत होती. दारात रिदा मांडी घालून बसली होती आणि जुन्या ओढणीच्या फडक्याने स्कीचा तळ पुसत होती, रक्त काढायच्या आधी दंड पुसते तसं, हलक्या हाताने.

मामू उभेच राहिले. कुठे बसावं ते त्यांना कळेना. वडीलधाऱ्या माणसाला माफी मागायची सवय नसते; कुठल्या आसनात मागायची तेही ठाऊक नसतं.

"रिदा, ही नेऊ नकोस."

"का?"

"जगन म्हणतो ते बरोबर आहे. रुतेल. झाडांमधे रुतली की..." पुढचं त्यांनी हाताने दाखवलं. हातालाही नीट जमलं नाही.

"पण आत्ताच तर तुम्ही म्हणालात, ते मीठ आणि हा बर्फ."

"म्हणालो."

"आणि गल्ली, रिक्षा?"

"ते माझ्या मनाचं होतं."

रिदाने फडकं खाली ठेवलं. "मामू, तुम्ही पाच वर्षं स्की डिपार्टमेंटला होतात."

"बूट सुकवायला होतो."

बोंबील चिरण्याचा आवाज थांबला.

"लोक घसरून यायचे. त्यांचे बूट ओले व्हायचे. ते उलटे टांगून मी सुकवायचो. स्की मी हातात एकदाच धरली, फोटोपुरती. बर्फावर गेलो तो अंथरलेल्या मॅटवरून. मला यातलं काही कळत नाही. तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. जगन बोलला तेव्हा तरी सांगायला हवं होतं. ते पण नाही सांगितलं."

"दार लाव," हव्वाबी म्हणाली.

रिदा उठली नाही. मग हव्वाबीने स्वतः उठून, बोंबलाच्या हातांनीच, बाहेरचं दार लावलं. खिडकीही लावली. परत पाटावर बसली आणि भावाकडे न बघता म्हणाली, "बूट?"

"होय आपा."

"लोकांचे?"

"होय."

"आणि मी लग्नाला जमलेल्या त्या भिवंडीच्या बायकांना..." तिने वाक्य सोडून दिलं. भिवंडीच्या बायकांना तिने काय सांगितलं होतं, ते मामूंनी कधी विचारलं नाही. "जिब्रानला तरी कळायला नको? शोरूमला असतो तो."

"त्याने सांगितलं होतं," मामू म्हणाले. "मीच ऐकलं नाही."

ही आणखी एक थाप होती. पण ती स्वतःसाठी नव्हती, जिब्रानच्या शोरूमसाठी होती, आणि दुसऱ्याची ठेव परस्पर मोडता येत नाही.

रिदा इतका वेळ लाल स्कीकडे बघत होती. ती रडेल असं मामूंना वाटलं होतं, किंवा ओरडेल. तिने फक्त मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन मामूंच्या हातात दिला.

"शबनम मॅडम. तुम्हीच सांगा. माझे मामू याच लाइनला होते असं मी त्यांना सांगितलंय. माझ्या तोंडाने ते परत घ्यायला मला शरम वाटते."

मामूंनी फोन कानाला लावायचा प्रयत्न केला. रिदाने तो खाली ओढला. पलीकडे बाई बोलली, "हां रिदा, बोलो."

"रिदा नहीं," मामू म्हणाले. "मैं उसका मामू."

"अरे, मामू साहब! सलाम वालेकुम! आपकी तो बहुत तारीफ़ सुनी है। बच्ची कहती है, सब कुछ आपसे सीखा।"

मामूंना माडीवरून उतरताना जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं झालं. बहिणीसमोर, भाचीसमोर बोलून झालं होतं, पण ते घरातलं होतं. ही बाई कोण, कुठली. हिला त्यांनी आपल्या तोंडाने खोटं सांगितलंही नव्हतं. आणि नेमकं हिलाच सांगणं त्यांना सगळ्यात जड गेलं.

"वो ग़लत सुना आपने," ते म्हणाले. "मैं ट्रेनर नहीं था। जूते सुखाता था।"

"जी?"

"जूते। लोगों के। गीले जूते सुखाता था।" एकदा सुरुवात झाल्यावर सगळं तीनदा सांगून झालं. "बच्ची को स्की मैंने ग़लत दिलाई। पतली। अड़सठ। अब आप बताइए।"

मग शबनम मॅडमचा आवाज आला, आणि त्यात हसू नव्हतं, ओरडाही नव्हता. कामाचा आवाज होता. अडुसष्ट जंगलात चालणार नाही, त्या म्हणाल्या. ताज्या बर्फात पंच्याण्णवच्या पुढे हवी, टोक उचललेलं हवं, आणि फार लांब नको, झाडांमधे पटकन वळता आलं पाहिजे. एक परदेशी पाहुणी मागच्या वर्षी आपली जोडी इथेच ठेवून गेली आहे, शहाण्णवची, रिदाला दोन बोटं लांब पडेल पण निभावेल. भाड्याने देता येईल. दुसऱ्या एका मुलीने विचारून ठेवलं आहे, तेव्हा हवी असेल तर आत्ता सांगा.

"हवी!" रिदा फोनवर ओणवी होऊन ओरडली. "मॅडम, चाहिए! मेरे नाम पे रख दीजिए!"

"रख दी। और वो पतली भी ले आना। नये बच्चों को पक्की ढलान पर काम आएगी।" मग थांबून त्या म्हणाल्या, "मामू साहब, एक दिन पहले भी फ़ोन कर सकते थे आप।"

"जी," मामू म्हणाले. "बहुत दिन पहले कर सकता था।"

*

लाजेचं एक बरं असतं म्हणतात, की ती एकदा पूर्ण निघून गेली की माणूस हलका होतो. मामूंना तसं काही झालं नाही. त्या संध्याकाळी हव्वाबीने त्यांना जेवायला वाढलं, पण 'आणखी घे' म्हणाली नाही. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा. मामू एक भाकरी खाऊन उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हव्वाबी शेजारणीला दारातूनच सांगत होती, "त्या लाल स्की ना, अमजदने मुद्दाम मागवल्या. तिथल्या गरीब मुलांना शिकायला. पोरीची तिथेच ठेवलीय, वेगळी, मोठी." मामू माडीवरून ऐकत होते. नियम पुन्हा लागू झाला होता. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

तेवढ्यात जगनशेठ आले. स्की पुन्हा एकदा बघायला.

मामू खाली उतरले. हव्वाबी डोळ्यांनी नको म्हणत होती, ते त्यांना दिसलं. तिला त्यांनी मान खाली घालायला लावली होती, आणि आता पुन्हा लावणार होते.

"जगन," ते म्हणाले, "काल तू बोललास ते खरं होतं. मला काही कळत नव्हतं. मी तिथे बूट सुकवायचो."

जगनशेठनी क्षणभर पाहिलं. मग दोन्ही हात जोडले, शेजारणीकडे वळले आणि म्हणाले, "बगा वयनी! याला म्हन्तात मोटा मानूस! येवडा डिपारमेंटचा हेड, आन् बोलतंय, बूट सुकवायचो! आमच्याकडं दोन प्लॉट आले तं लोकं जमिनीवर पाय ठेवीत नाय."

"अरे, खरंच सुकवायचो."

"बगा, बगा!"

"चारशे जोड. रोज."

"हिशेब पन ठेवलाय," जगनशेठ गहिवरले. शेजारणीने पदर डोळ्यांना लावला. हव्वाबीचा चेहरा हळूहळू सैल होत चालला होता.

मामूंनी आणखी एकदा तोंड उघडलं. आतल्या खोलीत रिदा सामान भरत होती. ती तिथूनच, मान वर न करता म्हणाली, "मामू, पुरे. आता खरं सांगूनसुद्धा भाव खाताय."

तिचं म्हणणं खरं होतं. जगनने हात जोडले तेव्हा, अगदी एका क्षणापुरतं, त्यांना बरं वाटलं होतं. दुसऱ्यांदा 'खरंच सुकवायचो' म्हणताना आवाजात किंचित नम्रपणा आला होता, ऐकणाऱ्याला आवडेल एवढा. बाकी कुणाला कळलं नव्हतं. हिला कळलं होतं.

ते आत गेले. रिदा जमिनीवर गुडघे टेकून लाल स्कीची जोडी सुतळीने आवळत होती. सुतळी सारखी निसटत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मी धरू?" मामूंनी विचारलं.

"धरा."

"कुठे धरायचं असतं?"

रिदाचा हात थांबला. तिने त्यांच्याकडे पाहिलं. कालपासून पहिल्यांदा.

"टोकाला नाही," ती म्हणाली. "इथे. मधे. आणि घट्ट."

मामू खाली बसले आणि तिने सांगितलं तिथे धरलं.

"इथे?"

"जरा खाली."

त्यांनी जरा खाली धरलं.